साळवे सरांची उजेडाची पेटी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे, असं कळलं की कुणीतरी म्हणतंच, "सांगा की एखादा किस्सा!" एखादा? लघवी तपासायच्या ठिकाणी किस्से बाटल्यांसारखे साठतात. बाटल्या आम्ही संध्याकाळी टाकून द्यायचो, किस्से तेवढे राहिले!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरला सावेडीत शेख मॅडमची लॅब होती, मी तिथे टेक्निशियन.

*

एकदा सकाळच्या गर्दीत एक उंच, सडपातळ गृहस्थ काउंटरवर आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मला लघवी पाहिजे होती."

"सर, इथं लोक द्यायला येतात! न्यायला आलेले तुम्ही पहिलेच!"

अख्खी लॅब हसली. तेही हसले, कान लाल करून. हे साळवे सर. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि उजेडाच्या मदतीनं लघवीतले जंतू झटपट कसे ओळखायचे, या विषयावर पीएच.डी. करायचे. तेव्हा कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघण्याचा, रिपोर्ट यायला दोन दिवस लागायचे. दोन दिवस पेशंट तापानं फणफणलेला आणि डॉक्टर अंदाजानं गोळ्या देणार. मॅडमनी सरांना कोपऱ्यातलं टेबल देऊन टाकलं.

*

परदेशात म्हणे काचेच्या तंतूवर जंतू चिकटला, की त्यातला उजेड बदलतो आणि लगेच कळतं. सरांकडे होती पत्र्याची पेटी. तिच्यात एका बाजूला बल्ब, दुसऱ्या बाजूला उजेड मोजणारा मीटर आणि मधे नळी. नळीत लघवी आणि जंतूंचं खाद्य. जंतू वाढले, की नळी गढुळणार, उजेड अडणार आणि सुई खाली येणार. चार तासांत निकाल!

पहिल्याच दिवशी सगळ्या नळ्यांची सुई धाडकन खाली. सर घाबरेघुबरे झाले. मॅडमनी खिडकीकडे कान लावला. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली होती, व्होल्टेज पडलं होतं!

"साळवे, या हिशोबानं दळण आलं की सगळ्या नगरला इन्फेक्शन!"

दुसऱ्या दिवसापासून सरांनी स्कूटरची बॅटरी काढून पेटीला जोडली. सुई शहाण्यासारखी वागायला लागली. पण घरी जाताना हॉर्न वाजेना. सर चौकाचौकात तोंडानंच "बाजूला, बाजूला!" करत गेले.

*

एका नळीनं मात्र कमाल केली. आत ठेवताक्षणी सुई तळाला! "पाच मिनिटांत पॉझिटिव्ह!" सर खुर्चीतून उठलेच.

मॅडमनी दुधाळ झालेल्या बाटलीचा वास घेतला आणि बाटली आणणाऱ्या मावशींना विचारलं, "बाटली धुतली होती का?"

"व्हय तर! तुमीच म्हनला ना, स्वच्छ पायजे. फिनाईलनं धुतली!"

*

एक किस्सा मी कुणी हसत असताना सांगत नाही. पारनेरकडच्या एका गावातल्या शिक्षिका वर्षात तिसऱ्यांदा आल्या होत्या. तेच दुखणं, तीच जळजळ. मॅडम जरा रागावूनच म्हणाल्या, "बाई, पाणी का पीत नाही तुम्ही?"

"पाणी प्यायला काय हो," त्या खाली बघत म्हणाल्या. "शाळेत संडासच नाही. मग जायचं कुठं?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढच्या पेशंटला हाक मारायला मला धीर होईना.

*

आणि हा शेवटचा.

सरांची आई गावाहून आली. लेक कुठं काम करतो ते बघायचं होतं. सरांनी हौसेनं पेटी दाखवली, सुई दाखवली. "आई, बायकांना हा त्रास फार होतो. लाजेपायी सांगत नाहीत, मग दुखणं वाढतं."

म्हातारी सगळं मन लावून ऐकत होती. सर लेक्चरला गेल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"बाई, लई दिस झालं, मला बी जळजळ व्हतीया. माजं बगाल का? पन त्याला सांगू नका. पोराला काय सांगायचं असलं!"

मी शब्द दिला. मॅडम मागच्या टेबलावरून सगळं ऐकत होत्या. नळीवर नाव न लिहिता नुसतं 'स्त्री' लिहून ती पेटीत ठेवली.

दुपारी सर परत आले. रीडिंग घेतलं, पुन्हा घेतलं. "ही कुणाची? दोन तासांतच सुई पडली की! केवढा त्रास होत असेल या बाईला. घरात कुणाचं लक्ष नाही का हो? मुलंबाळं नाहीत?"

मी काचपट्ट्या पुसायला घेतल्या. शब्द मी दिला होता. मॅडमनी दिला नव्हता.

"साळवे," मॅडम म्हणाल्या, "पेशंट बाहेर बाकावर बसल्यात."

सरांनी दार उघडलं. बाकावर एकटी म्हातारी होती. लेकाला बघून ती लगबगीनं उठली आणि पदर सारखा करत म्हणाली,

"झालं का रं तुजं काम? मी काय, बसलेय निवांत."