बिनगुळाची आमटी

आज नोएडाच्या ऑफिसात कुणीतरी डबा उघडला आणि गोड्या मसाल्याचा वास आला. मी एकदम सरोजिनी नगरला, काकूंच्या खाणावळीत पोहोचले.

तेव्हा मी कॉलेजात होते. चारचौघांत तोंड उघडायची नाही, पण खोट्या नावाने दिल्लीतल्या हॉटेलांचे रिव्ह्यू इंग्रजीत लिहायची. जिथे रोज जेवायची, त्या काकूंच्या खाणावळीलाही दोनच स्टार दिले होते.

एका दुपारी काकूंनी ओल्या हातानेच फोन माझ्यापुढे धरला. "अगं, हे वाच जरा. तू इंग्लिश मीडियमची. काय म्हणतेय ही बाई?"

स्क्रीनवर माझीच वाक्यं होती. खवचट, लिहिताना मला फार हुशार वाटलेली. पुढ्यात आमटीची वाटी वाफाळत होती.

"आमटी... थोडी गोड लागली म्हणतेय."

"बस? एवढ्यासाठी एवढं लांबलचक लिहिलंय?" काकू हसल्या. "चलो, माझ्याकडून उत्तर लिही तिला. म्हणावं, ताई, परत या. तुमच्यासाठी बिनगुळाची वेगळी काढून ठेवते."

मी ते इंग्रजीत टाइप केलं. खरं सांगायला मात्र जीभ उचलली नाही. पुढे कितीतरी दिवस काकू एक वाटी खरोखरच बाजूला काढून ठेवायच्या आणि मी समोर बसून गोड आमटी भुरकायची.

खाणावळ केव्हाच बंद झाली. तो रिव्ह्यू मी आजही काढून टाकू शकते. पण तो काढला की त्याखालचं काकूंचं उत्तरही जाईल.