हमीदाबीची उपाशी रोपं

सावदा गावाच्या बाहेर केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथं हमीदाबी अकरा वर्षं एकाच खुर्चीवर बसली. चिमट्यानं कोंब धरायचा, पात्यानं त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा बाटलीतल्या जेलीत रोवायचा. जेली म्हणजे रोपांचं जेवण. ती जिथं शिजते त्या खोलीतही हमीदाबीनं त्याआधी वर्षभर काढलं होतं, म्हणून तिच्यात काय पडतं ते तिला पाठ होतं. थोडे क्षार, थोडी औषधं आणि लिटरला तीस ग्रॅम साखर. आपण चहात घालतो तीच. नवरा फारुख कापसाच्या गाद्या भरायचा. गिऱ्हाइकांना तो कौतुकानं सांगायचा, की आमची बेगम केळीच्या बाळांना साखर चारते.

मग तिला जवळचं दिसेनासं झालं. चष्मा लागला, तरी पातं नेमक्या जागी पडेना. प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिला मागच्या शेडमध्ये पाठवलं, जिथं बाटल्यांतून काढलेली रोपं ट्रेमध्ये लावतात. शेडचं काम योगेंद्र नावाचा शेतकीचा पदवीधर बघायचा, आणि जोडीला अमळनेरकडची कुंदाबाई होती.

पहिल्याच दिवशी कुंदाबाईनं रोपांच्या मुळांना चिकटलेली जेली धुऊन काढायला सांगितली. कण राहता कामा नये. हमीदाबीनं धुतली. अकरा वर्षं जे भरवलं तेच आता नळाखाली वाहून चाललं होतं. पुढं रोपं कशात लावायची, तर नारळाच्या भुशात. त्यात काय असतं, तिनं विचारलं. काही नसतं, नुसता ओलावा धरतो, असं उत्तर मिळालं. मग ही खाणार काय?

"पानी दे आन् गप ऱ्हाय," कुंदाबाई म्हणाली.

चौथ्या दिवशी बाटलीतून आलेली पानं कडेनं करपायला लागली. हमीदाबीला वाटलं, झालं, उपासमार सुरू झाली. घाईत असलेल्या योगेंद्रला तिनं गाठलं. तो चालता चालता म्हणाला, "ऊन खातात ती, हमीदाबी." तिला वाटलं, हा आपली थट्टा करतो. प्रयोगशाळेतही रोज सोळा तास ट्यूबलाइट जळायच्या. उजेडच खायचा असता, तर तिथं पोत्यानं साखर कशाला लागली असती?

दुसऱ्या दिवसापासून तिनं घरून साखरेच्या पाण्याची बाटली आणायला सुरुवात केली. कोपऱ्यातल्या एका ट्रेला ती सकाळी थोडं थोडं पाणी घालायची. चार दिवस बरं चाललं असं वाटलं. पाचव्या दिवशी भुशावर पांढरी लव दिसली. आठवड्यात त्या ट्रेमधली रोपं बुडाशी सडून आडवी झाली. शेजारच्या ट्रेमधली रोपं मात्र, ज्यांना तिनं काही दिलं नव्हतं, उभी होती.

कुणी विचारायच्या आत तिनं योगेंद्रला जाऊन सांगितलं. त्यानं ट्रेमधलं एक मेलेलं रोप उपटून त्याचं बूड पाहिलं. असं का केलं, एवढंच त्यानं विचारलं.

"भुकेली होती," ती म्हणाली.

योगेंद्र पालथ्या क्रेटवर बसला आणि त्यानं तिलाही बसायला सांगितलं. साखर रोपांनी खाल्लीच नव्हती, तो म्हणाला, त्या पांढऱ्या बुरशीनं खाल्ली. बाटलीत जंतू नसतात म्हणून तिथं साखर चालते. बाहेर ती बुरशीला आवतण देते, जेली धुवायची ती म्हणूनच. आणि बाटलीतलं पान दिसतं हिरवं, पण त्याला कामाची सवय नसते. उजेड मंद, बाटली बंद, साखर आयती. बाहेर आल्यावर जे नवीन पान फुटतं ते मात्र पक्कं असतं. ते खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून हवा घेतं, मुळांकडून पाणी घेतं आणि उन्हाच्या जोरावर दोन्हींची साखर करतं.

"साखरच?"

"साखरच."

"मग माझी साखर का नाही चालली?"

"तुमची बाहेर भुशात पडली होती. ही पानाच्या आत तयार होते."

हमीदाबीनं मान हलवली, पण डोक्यात काही उतरलं नव्हतं. हवा गोड नाही, पाणी गोड नाही, उन्हाला तर चवच नाही. मग गोडी येते कुठून? घरी तिनं हेच कशिशला विचारलं. लेक दहावीला होती. तिनं पुस्तक उघडून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं आणि पाण्याचं समीकरण वाचून दाखवलं. गोडी कुठून येते, हे परीक्षेत विचारत नाहीत, असंही वर सांगितलं. कापसाच्या झाडाचंही असंच का, असं फारुखनं मधेच विचारलं. कशिश हो म्हणाली. पानातल्या साखरेपासूनच कापसाचा धागा होतो. तो म्हणाला, मग मी इतकी वर्षं गाद्यांत हवाच भरत होतो की काय.

नवीन रोपं आली तेव्हा हमीदाबीनं योगेंद्रकडून दहा मागून घेतली. वेगळ्या ट्रेमध्ये लावून ती काळ्या कागदाच्या खोक्यात ठेवली. भुसा तोच, पाणी तेवढंच, हवेला बाजूनं जागाही ठेवली. बाकीच्या रोपांना पंधरवड्यात नवीन पान आलं, पोपटी, चकचकीत, उभं. खोक्यातली रोपं पिवळी पडून लुळी झाली. तिनं दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. म्हणजे योगेंद्र खोटं बोलला नव्हता. उजेडानंच केलं होतं. पण जे मुठीत धरता येत नाही त्याचा जोर लागून हवा आणि पाणी यांचं पान कसं होतं, ते आधी कळत नव्हतं आणि आता डोळ्यांनी पाहूनही कळत नव्हतं. उलट गोंधळ वाढला होता. हात मात्र सुधारला. तिच्या ट्रेमध्ये रोपांची मर सगळ्यात कमी होऊ लागली.

फेब्रुवारीत शिरपूरकडचा नवल नावाचा शेतकरी पिकअप घेऊन रोपं न्यायला आला. हमीदाबी वाढलेल्या रोपांच्या पिशव्या मोजून देत होती. त्यानं तिलाच विचारलं, "मावशी, यास्ले पहिले खावाले काय देऊ?"

खतांचं योगेंद्रसाहेब लिहून देतील, ती म्हणाली. "पण पहिलं खाणं ऊन. तेही एकदम नको. चार दिवस सावलीला, मग हळूहळू."

बाई एखाद्या औषधाचं नाव लपवतेय असं नवलला वाटलं असावं. ऊन कसं खातात, त्यानं विचारलं.

"ते मला अजून नीट कळलेलं नाही," हमीदाबी म्हणाली, आणि वाटेत वारं लागू नये म्हणून गाडीवर हिरवी जाळी बांधायला लागली.