हिरव्याबाहेरचा रंग

मंडालेजवळच्या तौंगथमान गावात दॉ ओन यिन यांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. धाकटी बहीण न्वे न्वे त्यांना ताई म्हणायची आणि बाकी सगळा गाव सयामा म्हणायचा. सयामा म्हणजे शाळेतल्या बाई. सदतीस वर्षं त्यांनी तळ्यापलीकडच्या अमरपुऱ्यात, सरकारी शाळेत, गणित शिकवलं. सदतीस वर्षं अंगात पांढरा झंपर आणि कमरेला गुंडाळलेली हिरवी थमेन. तो मास्तरणींचा गणवेश होता. कापड सरकारकडून यायचं, त्याला कमरेची काळी पट्टी न्वे न्वे शिवून द्यायची, आणि सकाळी काय नेसायचं हा प्रश्न सयामांना कधी पडलाच नाही.

तो पडला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी. त्या कपाट उघडून उभ्या राहिल्या. आत वरपासून खालपर्यंत हिरवं होतं. काही धुऊन फिकट झालेलं, काही अजून करकरीत. त्यांनी त्यातलंच एक ओढलं, नेसलं आणि भाजी आणायला गेल्या.

याला तीन वर्षं झाली होती. मधल्या काळात हिरवं वाढतच गेलं. थंडी पडली की जुने विद्यार्थी गुरुवंदनेचा समारंभ करतात. मंडपात खुर्च्या मांडून म्हाताऱ्या शिक्षकांना ओळीनं बसवतात, शे-दोनशे संसारी माणसं गुडघे टेकून नमस्कार करतात आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक पुडकं ठेवतात. सयामांच्या पुडक्यात थमेनचं कापड असायचं, आणि देणाऱ्यानं त्यांना जन्मभर ज्या रंगात पाहिलं तोच रंग त्यानं आठवणीनं शोधून आणलेला असायचा. न उघडलेली अशी सतरा कापडं कपाटाच्या तळाशी होती.

"ताई, तू मेलीस की आपण तुला हिरव्यात गुंडाळू आणि उरलेल्याचा मंडप घालू," न्वे न्वे म्हणायची.

न्वे न्वेचं सगळं उलटं होतं. अमरपुऱ्याच्या बाजारात तिचा फुलांचा गाळा होता. हातात पैसा आला की त्यातला पहिला वाटा अंगावर चढायचा. पाण्याच्या सणाला एक थमेन, दिव्यांच्या सणाला दुसरी, कुणाच्या मुलाच्या भिक्षुदीक्षेला तिसरी, आणि तिन्हींवर जुळणारे झंपर. नवरा गेल्यावर तिनं वर्षभर तपकिरी वापरलं, पण तेही चार छटांत. सयामांचा पगार तिच्या मुलांच्या फीमध्ये, छपराच्या पत्र्यात, मठाच्या चीवरदानात गेला. त्याबद्दल सयामांची तक्रार नव्हती. त्यांना कपड्यांचा सोस नाही असं सगळे म्हणायचे, आणि इतकी वर्षं ऐकून त्यांनाही ते खरं वाटत आलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांची आई दुसऱ्याच्या मागावर कांड्या भरायची. लहानपणी सयामा त्या मागाखाली निजायच्या. वर दोन मुली शेजारी शेजारी बसून अछेक विणायच्या, लाटांच्या नक्षीचं रेशीम. शंभर धोटे इकडून तिकडे जायचे, प्रत्येक धोट्यात वेगळा रंग, आणि दिवसाअखेरीस कापड बोटभर वाढलेलं असायचं. खालून पाहिलं की नक्षी उलटी दिसायची. तळ्याच्या तळाशी पडून पाणी बघावं तसं. त्यात एकदा एक रंग आला होता. गुलाबी म्हणावा तर राखाडी, राखाडी म्हणावा तर आतून उजेड असलेला. सूर्य यायच्या आधी घटकाभर तळ्यावर असतो तो. ते कापड कुणा व्यापाऱ्याच्या सुनेकडे गेलं. आईनं जन्मात अछेक नेसलं नाही. सयामांना तो रंग अधूनमधून झोपेत दिसायचा. फळ्यावर समीकरण सोडवताना खडूच्या धुरळ्यातही दिसायचा, मग वर्ग हसायचा आणि त्या भानावर यायच्या.

कार्तिकात एका दुपारी मा चॉच्या दुकानावरून जाताना तो त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसला. आत, वरच्या फळीवर, घडी घातलेला.

मा चॉ त्यांची विद्यार्थिनी. गणितात दोनदा नापास झालेली, आता अमरपुऱ्यात सहा मागांची मालकीण. सयामा पायरी चढतात न चढतात तोच ती उठली.

"सयामा, या, बसा. चहा सांगते. मीच येणार होते तुमच्याकडे." आणि सयामांनी तोंड उघडण्याआधी तिनं खालच्या कप्प्यातून एक अछेक काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. गर्द हिरवं, रुपेरी लाटांचं. "गुरुवंदनेला नेसा. तुम्हाला दुसरा रंग शोभायचाच नाही."

"अगं, मी नुसती तुला बघायला आले," सयामा म्हणाल्या.

त्यांनी वरच्या फळीकडे मान वर केली नाही. नजर गेली असती तर मा चॉनं शिडी लावली असती, आणि बोट गेलं असतं तर ते कापड बांधून घरी पोचलं असतं. पैसे तिनं घेतलेच नसते. आईबापांच्या पंगतीत गुरू बसतो, त्याच्याकडून दाम कोण घेणार? दोन मुलींची दोन महिन्यांची मेहनत होती ती. सयामांनी हिरवं अछेक हळूच गल्ल्यावर ठेवलं, गुडघेदुखीवर दोन वाक्यं बोलल्या आणि निघाल्या.

त्या रात्री जेवताना त्यांनी न्वे न्वेला सगळं सांगितलं. मागाखालचंही सांगितलं. न्वे न्वेनं घास हातातच ठेवला.

"मग घे ना फुकट. ती देतेय."

"फुकट नको."

"का? माझ्या अंगावर कुणी रेशीम फेकलं तर मी आधी झेलीन, मग विचारीन कुणाचं आहे."

"दिलेलं म्हणजे त्यांच्या आवडीचं," सयामा म्हणाल्या. "सतरा आहेत तसली. मला एक निवडायचंय. हातात घेऊन बघायचंय, नाक मुरडायचंय, भाव पाडायचाय. तू करतेस तसं. निवृत्तीचे पैसे आहेत, त्यातले सहा लाख क्यात मी बाजूला काढलेत."

"सहा लाख क्यात?" न्वे न्वे म्हणाली. "आणि मला उधळी म्हणायचीस." मग हातातला घास तिनं तोंडात घातला. तिला भाव पाडण्याचा विषय जिव्हाळ्याचा होता. "मंडालेला जा. तिथं कोण ओळखतंय?"

"तो रंग मंडालेला नाही."

"मग पहाटे जा." न्वे न्वेनं बोटं चाटली. "दुकान उघडतं तेव्हा. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून सासूबाई आल्या तरी मी फुकट फूल दिलं नव्हतं. दिलं असतं तर दिवसभर माशा मारत बसावं लागलं असतं. पहिली विक्री ती पहिली विक्री. पैसा यावाच लागतो." तिनं बहिणीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि हे हिरवं नेसून जाऊ नकोस. तीनशे पावलांवरून सयामा दिसतेस."

सकाळी सयामा बहिणीची जांभळी थमेन नेसून तळ्यावरच्या लाकडी पुलावर आल्या. थमेनवर पिवळी फुलं होती. न्वे न्वेनं त्यांच्या गालांवर तनाख्याचा, चंदनासारख्या उगाळलेल्या सालीचा, लेप नीट गोल थापला होता आणि अंबाड्यात कागडा खोवला होता. एरवी हा पूल ओलांडायला त्यांना पाऊण तास लागायचा, कारण दर दहा पावलांवर कुणीतरी सायकलवरून उतरून हात जोडायचं. त्या दिवशी कुणी उतरलं नाही. दूधवाला गेला. मासळीवाल्या दोघी गेल्या, त्यांतल्या एकीला त्यांनी पाढे शिकवले होते. एक भिक्षू मान खाली घालून गेला. पाय फळ्यांवर पडत होते आणि आवाज दुसऱ्याच कुणाच्या चालण्याचा वाटत होता. खाली पाणी हलत नव्हतं. धुकं होतं, धुक्यात एक होडी होती, होडीतला माणूस उभ्यानं झोपल्यासारखा दिसत होता. आणि सगळ्यावर तो रंग पसरला होता, राखाडीत विरघळलेला गुलाबी. सयामा कठड्याला टेकून थांबल्या. आपण इथं नाही, किंवा इथं आहोत पण अजून कुणी झालेलो नाही, असं त्यांना वाटलं. मग ऊन आलं, रंग गेला, आणि त्यांना आठवलं की आपल्याला उशीर होईल.

मा चॉ दुकानाच्या दाराच्या फळ्या काढत होती. बुद्धाच्या देवळीत पाणी ठेवून झालं होतं.

"या, मावशी," ती पाठमोरीच म्हणाली. "पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. काय दाखवू?"

"ते. वरचं."

शिडी लागली. कापड खाली आलं. सयामांनी ते गल्ल्यावर पसरलं आणि काही क्षण त्यांना पुढं काय करायचं ते सुचेना. लाटांत लाटा होत्या. मग त्यांना घडीची रेघ दिसली. तिथं रंग किंचित उडाला होता.

"किती दिवस पडून आहे?"

"खोटं कशाला सांगू, दोन वर्षं," मा चॉ गल्ल्याचं कुलूप काढताना म्हणाली. "म्हाताऱ्या म्हणतात फार तरुण रंग आहे, पोरी म्हणतात म्हातारा आहे. माल मात्र शंभर धोट्यांचा. साडेसहा लाख."

"घडीवर उडालाय."

"नेसल्यावर ती घडी आत जाते, मावशी."

"पण माझ्या डोळ्यांतून कशी जाईल? पाच."

"पाचात मी दुकानच तुमच्या नावावर करते," मा चॉ हसत म्हणाली. "सहा. शेवटचं."

असं असतं होय हे, सयामांच्या मनात आलं. न्वे न्वे उगीच नाही रोज बाजारात जात. त्या खुशीत होत्या, आणि खुशीत त्यांच्या हातानं सदतीस वर्षांची सवय केली. बोटाच्या पेरानं गल्ल्यावर दोनदा टकटक केलं. "नीट हिशेब कर आणि सांग."

मा चॉचे हात थांबले. तिनं वर पाहिलं. आधी जांभळी थमेन, मग कागडा, मग चेहरा.

"सयामा," ती म्हणाली आणि खाली बसून नमस्कारच करायला लागली. "माझं मेलीचं लक्ष कुठं होतं. मावशी काय म्हटलं, भाव काय सांगितला. घेऊन जा हे. पैशाचं नाव काढू नका."

"ऊठ. माझ्याआधी आज कुणी आलं होतं?"

"नाही."

"मग फुकट देऊन दिवस सुरू करणार?"

मा चॉनं रस्त्याकडे पाहिलं. सकाळी सकाळी दुसरं कुणी येताना दिसत नव्हतं. आत माग सुरू व्हायला लागले होते. एक, मग दुसरा. तिनं ओठ चावला. नापास झाल्यावर ती अशीच दिसायची.

"मग दोन लाख द्या," ती म्हणाली.

"सहा म्हणाली होतीस."

"ते मावशींना."

"मग मी बाहेर जाऊन मावशी होऊन परत येऊ?"

"सयामा, लोक मला काय म्हणतील? तीन."

"दोन वर्षं पडलेल्या मालाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला कितीत दिलं असतंस? खरं सांग."

मा चॉनं घडीच्या रेघेवर अंगठा फिरवला. "पाच लाख ऐंशी हजार," ती हळूच म्हणाली.

"बरोबर उत्तर," सयामा म्हणाल्या आणि पिशवी उघडली.

नोटा मा चॉनं दोन्ही हातांनी, मान झुकवून घेतल्या. मग, जसं रोज पहिल्या विक्रीला करतात तसं, ती नोटांचा गठ्ठा घेऊन दुकानभर फिरली. प्रत्येक ताग्यावर एकेक हलका फटका. लाल, शेवाळी, हळदी, मोरपंखी. बरकत सगळ्यांना लागली पाहिजे. सयामा स्टुलावर बसून ते बघत होत्या. आपला पैसा रंगांवरून असा फिरताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. शेवटी मा चॉ खालच्या कप्प्यातल्या त्या गर्द हिरव्यापाशी आली, क्षणभर घुटमळली, आणि तिथंही नोटा टेकवल्या.

"वरची काळी पट्टी मात्र मी आत्ताच शिवून देणार," ती म्हणाली. "त्याचे पैसे नाही घेणार."

"त्याचे नको घेऊस," सयामा म्हणाल्या.

गुरुवंदनेला अजून सव्वा महिना होता. न्वे न्वे दुपारी बाजारातून आली तेव्हा ताई ओट्यावर बसली होती, तळ्याकडे तोंड करून, नवं अछेक नेसून. अंबाड्यातला कागडा सुकला होता.

न्वे न्वेनं टोपली खाली ठेवली, वाकून कापडाचा काठ चिमटीत धरला, उलटा करून पाहिला, विणकरणी पाहतात तसा.

"किती?"

"पाच ऐंशी."

"मी पाच साठला आणलं असतं," न्वे न्वे म्हणाली. मग काठ सोडून, "कुठं निघालीयस?"

"कुठंच नाही."

न्वे न्वे आत गेली. कढई चुलीवर ठेवल्याचा आवाज आला, मग तिचा.

"मी मासे तळतेय. त्या रेशमाला घेऊन इकडे फिरकू नकोस."

सयामा फिरकल्या नाहीत. पाण्यावर ऊन होतं, आणि कमरेखाली, मांडीवर, ऊन यायच्या आधीची वेळ होती.