बर्फातली गाडी आणि तीन तेलं

आमच्या बायकोनं, मेधानं, सांगायच्या आत मीच सांगून टाकतो, कारण ती सांगते तेव्हा त्यात मी आहे त्याहून जास्त मूर्ख दिसतो. चहा घ्या तुम्ही. आणि हसायचं ते शेवटी हसा, मध्ये नको.

मी काम कुठे करतो ते तुम्हाला माहीत आहे. मॉलच्या मागे तो बर्फाचा हॉल आहे ना, तिथला मेंटेनन्स माझ्याकडे. बाहेर आखातातलं ऊन, गाडीच्या स्टीअरिंगला हात लागला तर चटका बसतो, आणि आत माणसं पैसे भरून कुडकुडतात. येताना भाड्याचं जॅकेट घालतात, पाच मिनिटं फोटो काढतात आणि मग गरम चॉकलेटच्या रांगेत उभी राहतात. गरमच काही हवं होतं तर घरी प्यायचं. पण असो, त्यांच्या कुडकुडण्यावरच माझं घर चालतं.

तर आमचा मालक अबू नासर. माणूस दिलदार, पण कॅटलॉग हातात पडला की संपलं. त्याने कॅनडाहून बर्फावर चालणारी गाडी मागवली. स्नोमोबिल. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, मोटरसायकलसारखं हँडल. रोज सकाळी हॉल उघडायच्या आधी बर्फ सपाट करायला ती वापरायची असं कागदावर ठरलं होतं. खरं कारण वेगळं होतं. अबू नासरची आई. सगळे तिला यम्मा म्हणतात, म्हणजे आईच. म्हातारीनं टीव्हीवर अशी गाडी पाहिली आणि लेकाला म्हणाली, मला यावर बसायचंय. झालं. गुरुवारी यम्मा येणार, हॉल तेवढा वेळ बंद ठेवायचा आणि तिला फेरी मारून आणायची.

"मुहंदिस," अबू नासर मला म्हणाला. म्हणजे इंजिनिअर. तो मला नावानं हाक मारत नाही. "माझ्या आईचं काम आहे. काही गडबड झाली तर तू सरळ इंडिया."

"माफी मुश्किल, अबू नासर," मी म्हणालो. काही अडचण नाही. बघा, किती सहज म्हणालो.

खोका उघडला. गाडी आली, चाव्या आल्या, हेल्मेटं आली. तेल आलं नाही. तेलाचे डबे मागून येणाऱ्या खेपेत होते आणि ती खेप पुढच्या महिन्यात. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलबरोबर तेलही जळतं, त्याला वेगळी टाकी. टाकीत तळाशी कंपनीनं चाचणीपुरतं घातलेलं थोडं तेल होतं. बाकी रिकामी.

मी कॅनडाच्या विक्रेत्याला फोन लावला. फोनवरचा माणूस फार नम्र. इतका नम्र, की याला काही येत असेल असं मला वाटलंच नाही. म्हणाला, कृपया आमचंच तेल येईपर्यंत थांबा. दुसरं घालायचंच असेल तर टाकी आणि नळी पूर्ण साफ करून मग घाला, पण कृपया दोन तेलं एकत्र करू नका, थंडीत त्यांचं जमत नाही.

जमत नाही म्हणे. सोयरीक जुळवतोय का मी?

फोन ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या सामंतला म्हणालो, "बघितलंस? स्वतःचं तेल खपवायचे धंदे. अरे, ज्या देशात जमिनीला भोक पाडलं की तेल निघतं, तिथे बसून मी कॅनडाच्या डब्याची वाट बघू?"

सामंत आमचा खरेदी विभाग. मूळचा मालवणचा. तो माझ्या कुठल्याही बोलण्यावर आधी दाढी खाजवतो. त्यानं खाजवली.

"मग काय करूया?"

मी म्हणालो, सांगलीला आमच्याकडे टू-स्ट्रोक स्कूटर होती, पेट्रोल पंपावर मिळेल ते तेल घातलं, अठरा वर्षं चालली. हे मी ज्या थाटात सांगितलं, त्या थाटात लोक पदवीदान समारंभात भाषण करतात.

तर मासेमारीच्या बोटींच्या इंजिनांना लागतं ते टू-स्ट्रोक तेल आम्ही फहाहीलच्या मासळी बंदरावरून आणलं.

"आमच्या होडीक ह्याच तेल घालतत," सामंत डबा फिरवून बघत म्हणाला. "पण होडी काय बर्फात नाय चालत."

"बर्फ म्हणजे काय रे सामंत? पाणीच ना?"

त्यावर त्यानं परत दाढी खाजवली. मला वाटलं, पटलं.

टाकी भरली. गाडी मागच्या अंगणात, उन्हात, स्टँडवर उचलून सुरू केली. काय सुरेख चालली म्हणून सांगू. पट्टा हवेत गरागरा फिरतोय, आवाज एकसारखा. मी मोबाईलवर चित्रीकरण करून कॅनडाला पाठवलं. खाली लिहिलं, "इंडियन इंजिनिअरिंग." तिकडून नम्रपणे काहीच उत्तर आलं नाही.

आता यात गोम काय ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. त्या उन्हात डांबरसुद्धा पातळ होतं, तेलाचं काय.

बुधवारी गाडी आत घेतली. रात्रभर थंडीत राहिलेली. गुरुवारी पहाटे सुरू करून बघितली तर ठसकली. धूर सोडला, थांबली, परत ठसकली. कंजूष माणूस वर्गणी देताना घसा खाकरतो ना, तशी. यम्मा दुपारी येणार होती.

शहाण्या माणसानं इथे काय केलं असतं? मी पण तेच केलं असतं, शहाणा असतो तर. मी निदान केलं. म्हणालो, बोटीचं तेल थंडीत जड पडतंय, याला जोरदार तेल पाहिजे. वाळवंटात पोरं रेसच्या मोटरसायकली उडवतात, त्यांना जे घालतात ते. हातपंपानं टाकीतलं वरचं थोडं तेल उपसलं आणि सामंतला पिटाळलं. तो डबा घेऊन आला. उघडल्याबरोबर ओळखीचा वास.

"ह्या एरंडेल आसा," सामंत म्हणाला.

"एरंडेलाचा बेस आहे. रेसिंगमध्ये हेच वापरतात. वाचत जा जरा."

"मशीनीक जुलाब होतले."

"सामंत, तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून देश मागे राहिला."

ओतलं. वर नवं, मध्ये बोटीचं, खाली कंपनीचं. गाडी सुरू झाली आणि या वेळी सुरूच राहिली. मी सामंतकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, शरमला.

दुपारी यम्मा आली. काळा पायघोळ अबाया, त्यावर भाड्याचं नारिंगी जॅकेट, हातात काठी. बरोबर अबू नासर, त्याच्या बहिणी, नोकरचाकर. सगळे बर्फाच्या कडेला उभे. गाडी चालवायला ड्रायव्हर ठरला होता, पण मी म्हणालो, नको, मीच चालवतो. हे कौतुक दुसऱ्याला कशाला द्या?

यम्मा मागे बसली, माझा कमरेचा पट्टा घट्ट धरला. निघालो. सुरुवातीला इतकं छान, की मी एक हात वर करून कडेच्या लोकांना दाखवला. समोर तेलाचा दिवासुद्धा लागलेला नव्हता. लागेल कसा? टाकी तर भरलेली होती. दिव्याला बिचाऱ्याला काय माहीत आत काय भरलंय.

हॉलच्या बरोबर मध्यावर इंजिनातून "खर्रक" असा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी रुतली. मी हँडलवर आपटलो, यम्मा माझ्यावर. एरंडेलाचा वास सगळीकडे. इंजिन सुरू करायची दोरी ओढून बघितली, हलेना. इंजिन जाम.

तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. आत खरवस. अगदी वडी पाडून वाटता येईल असा. नळीतून इंजिनापर्यंत आता थेंबसुद्धा जात नव्हता. थंडीत त्यांचं जमलं नव्हतं, किंवा फारच जमलं होतं म्हणा.

कडेवरून अबू नासर ओरडला, "मुहंदिस, शू सार?" काय झालं? त्या वेळी मला फक्त विमानतळ दिसत होता. आणि मागे म्हातारी थंडीनं थरथरतेय. चालत नेणार कसं? पायाखाली गुळगुळीत बर्फ, तिचे गुडघे गेलेले.

सामंत लहान मुलांची लाकडी घसरगाडी घेऊन धावत आला. यम्माला त्यावर बसवलं, घोंगडी गुंडाळली, दोरी मी खांद्यावर घेतली आणि ओढायला लागलो. मान खाली. मला वर बघवेना. थोडं अंतर गेलो असेन, तर मागून एक विचित्र आवाज. म्हणालो, संपलं, म्हातारीला काहीतरी होतंय.

ती हसत होती. पोटापासून. मग काठीनं माझ्या पाठीत हलकेच टोचलं आणि म्हणाली, "यल्ला." चल.

कडेला पोचलो तर ती उतरेना. काठीनं हॉलचं दुसरं टोक दाखवलं. अबू नासरनं माझ्याकडे बघितलं. मी वळलो. किती फेऱ्या मारल्या ते विचारू नका. उणे तापमानात मला घाम फुटला होता, आणि कडेला उभा सामंत दाढी खाजवत होता.

इंडियाला काही जावं लागलं नाही. गाडीचं इंजिन उघडलं, नवे भाग मागवले, कंपनीचं तेल आलं, आणि आता ती गाडी घड्याळासारखी चालते. पण यम्मा तिच्यावर बसत नाही. म्हणते, गाडीला वास येतो आणि ती मध्येच थांबते. म्हातारी दर गुरुवारी येते आणि घसरगाडीवर बसून माझी वाट बघते.

परवा मालकाकडे पाहुणे आले होते. तो त्यांना हॉल दाखवत होता. आधी त्या गाडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हे कॅनडाचं मशीन." मग कौतुकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि हे इंडियाचं. याला तेल लागत नाही."