साहेबांचा बॉल

आमचे अण्णा मिलमध्ये हेडक्लार्क होते, आणि हरण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कुणी नव्हता. मिलच्या मोठ्या साहेबांना संध्याकाळी टेनिस खेळायला माणूस लागायचा आणि तो हरणाराच लागायचा. साहेबांचा बॉल वीतभर बाहेर पडला तरी अण्णा ‘आत, साहेब, आत’ म्हणून मोकळे. मला लई संताप यायचा. साहेब बंगल्यावर गेले की त्याच मुरमाच्या कोर्टावर अण्णा मला शिकवायचे, आणि तेव्हा मात्र असे खेळायचे की बघत राहावं.

मॅट्रिकला माझे मार्क बेताचेच. पुण्याच्या ज्या कॉलेजात मला जायचं होतं तिथं बोर्डात आलेली मुलं रांग लावायची. तिथं आपली डाळ कुठली शिजायला! पण त्यांना मुलींच्या टेनिस संघात एक खेळाडू हवी होती. तिथले खेळाचे सर मला बघायला सोलापूरला येणार असं कळलं. खेळ पसंत पडला तर पुणं, नाहीतर बसा घरी. आईनं दाखवण्याचा कार्यक्रम असल्यासारखी माझी वेणी घट्ट घातली आणि सरांसाठी पोहेसुद्धा केले.

समोर कोण खेळणार, असं सरांनी विचारलं. मी अण्णांकडे बघितलं. पण साहेब टोपी सारखी करत पुढं झाले. माझ्या तोडीचा इथं दुसरा आहे कोण, असं त्यांचं म्हणणं. रोज जिंकणाऱ्या माणसाला तसं वाटणारच की! अण्णा मुकाट्यानं अंपायरच्या खुर्चीवर चढले. भाकरी साहेबांच्या हातात, आणि बॉल आत की बाहेर ते सांगणार अण्णा.

एकाच सेटचा सामना ठरला. सुरुवातीलाच साहेबांचे बाहेरचे बॉल अण्णांनी आत दिले. जित्याची खोड, दुसरं काय! मी मनातल्या मनात बापाला नको ते बोलले. पण राग आला की माझा हात जास्त चालतो. साहेबांना या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात असं पळवलं की त्यांचा सदरा ओलाचिंब झाला. अखेर एक पॉइंट मिळाला की सेट माझा, इथवर गाडी आली. साहेबांनी उंच बॉल मारला. तो माझ्या मागं, रेषेच्या जरासा पलीकडे पडला. तो आतच धरून साहेब पुढच्या खेळासाठी वळलेसुद्धा.

"आऊट," अण्णा म्हणाले.

नीट बघितलंत का, असं साहेबांनी दरडावून विचारलं. अण्णा खुर्चीवरून उतरले, मुरमावरच्या खुणेपाशी जाऊन उभे राहिले. घाबरले की त्यांची करमाळ्याची बोली तोंडात यायची.

"व्हय साहेब, भाईर हाय. आजवरचं बी लई भाईरच हुतं."

मला तिथंच रडू फुटलं.

सरांनी मला घेतलं. साहेबांनी अण्णांची नोकरी काही घालवली नाही. उलट स्वतःच टेनिस सोडलं. कोर्ट मोकळं झालं. पुण्याला निघेपर्यंत अण्णा रोज संध्याकाळी माझ्याशी खेळले, आणि मला एकदासुद्धा जिंकू दिलं नाही.