डब्याच्या आधीचं तेल

कॉलेजात मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. शिपाई दारात येऊन म्हणाला, मॅडम, ऑफिसात फोन आहे, अकोले तालुक्यातून. पलीकडे किसन होता. भंडारदऱ्याच्या पाण्यातून पलीकडच्या काठावरच्या गावांची ने-आण करणारी गावसमितीची लाँच किसन चालवतो. तो एसटीडी बूथवरून बोलत होता आणि त्यानं सुरुवात लाँचपासूनच केली. "ताई, आज लाँच सोडली न्हाई." मी विचारलं, का, बिघडली का? तो म्हणाला, "मामा गेले. सकाळी च्या पिऊन बसले हुते, तसेच." मी फोन ठेवला, प्रयोगशाळेत परत आले आणि मुलांना पुढचं रीडिंग घ्यायला सांगितलं. आपण काय करतो आहोत हे मला कळत नव्हतं. बौद्ध रीतीनं जलदानविधी झाला, पुण्यानुमोदनही झालं, तरी हे लिहायला मला सहा आठवडे लागले.

दामूमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. सातवी शिकलेला. तरणा असताना मुंबईला गेला, गोदीत हमाली केली आणि तिथून जहाजावर लागला. इंजिनरूममध्ये तेलपाणी बघणारा म्हणून चढला आणि तीस वर्षांनी फिटर म्हणून उतरला. नव्वदच्या आसपास निवृत्त होऊन तो धरणाकाठच्या आपल्या गावी परत आला. मी कोपरगावची, वडील साखर कारखान्यात कामगार. आमच्या घरात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मी पहिली, आणि याचा मला अभिमान होता, अजून आहे. मामा मला नावानं हाक मारायचाच नाही. "काय गं बीएस्सी," असं म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला कधी उकललं नाही.

जहाजाच्या गोष्टी तो सांगायचा, पण देशोदेशीच्या बंदरांच्या नाही. तेलाच्या. मोठं जहाज जे तेल जाळतं ते डांबराचा सख्खा भाऊ, तापवल्याशिवाय नळीतून सरकत नाही. बंदरात शिरताना पातळ डिझेलवर चालायचं, खुल्या समुद्रात गेलं की कॉक फिरवून जाड तेल सोडायचं, ही रीत त्याच्या हातात इतकी मुरली होती की घरातला रॉकेलचा स्टोव्हसुद्धा तो तसाच जपून पेटवायचा. एकदा म्हणाला, "तीस वर्सं त्यो काळा धूर मी आभाळात सोडलाय. कोन बघत न्हाई मधल्या समुद्रात. पन मी बघितलाय ना." जहाजं झाडाच्या तेलावर चालवता येतील अशी कुजबुज त्यानं परदेशी इंजिनियरांच्या तोंडून ऐकली होती. जहाज काही त्याच्या ताब्यात नव्हतं. लाँच होती, तिचं इंजिन तोच बघायचा. आणि काठानं करंजाची झाडं होती.

मी तेव्हा एम.एस्सी. करत होते. शेवटच्या वर्षाला प्रकल्प लागायचा. करंजाच्या तेलावर लाँच, हा विषय सरांना आवडला आणि मी मामाकडे मुक्कामाला गेले. वडिलांनी कारखान्याच्या सगळ्या चाळीत सांगून ठेवलं होतं की पोरगी आता प्राध्यापक होणार. तसं एका कॉलेजानं मला तोंडी कबूलही केलं होतं, निकाल हातात घेऊन या म्हणून. त्यामुळे मला घाई होती. काठावरच्या बाया बी वेचून आणणार, ते वाळणार, मग गाळप... एवढी वाट बघायला मी तयार नव्हते. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खर्ड्याकडे, एका व्यापाऱ्याकडे निवडलेलं बी तयार होतं. मी टेम्पो पाठवला. आलेलं बी अकोल्यात भट्टीवर भाजून घेतलं आणि मशीनच्या घाण्यात गाळलं. मामा तेव्हा काही बोलला नाही. तेल तीनदा कापडातून गाळलं, चार दिवस निवळू दिलं, लाँचला दुसरी टाकी बसवली. इंजिन डिझेलवर चालू करायचं, चांगलं तापलं की कॉक फिरवायचा. जहाजाचीच रीत. पहिल्या फेरीला धूर एकदम विरळ झाला आणि पाण्यावर भजी तळल्यासारखा वास पसरला. किसन म्हणाला, आता भूक लागंल सगळ्यांना. मामा कितीतरी वेळ नुसता त्या नळकांड्याकडे बघत राहिला.

प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. आमचे प्राचार्य, सर, तालुक्याचे दोन अधिकारी आणि एक वार्ताहर येणार होते. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर मी 'प्रदूषणमुक्त इंधन' असं टाइपही करून घेतलं होतं. आदल्या दिवशी दुपारी मामानं मला ओट्यावर बसवलं आणि हिशोब विचारला. मी सांगितलं, इतकं तेल जाळलं, तितकं डिझेल वाचलं, धूर इतका कमी. तो म्हणाला, "आपल्यात पत्रिका बघत न्हाईत. पन तेलाची बघायची असती. जन्मापासून मरनापर्यंत. तू डब्यापासून मोजायला लागलीस. डब्याच्या आधी ते कुठं हुतं?" मग एकेक. टेम्पो खर्ड्याला गेला तो रिकामा गेला, ते डिझेल धरलं का? भट्टीला लाकूड किती लागलं आणि ते कुठलं? घाणा चालवला त्या तीन दिवसांत लाइट होती का? लाइट नव्हती. घाणा डिझेल इंजिनावर चालला होता, आणि ते मला ठाऊक होतं. मी पेन घेऊन बसले. मांडणी पूर्ण केली. लाँचनं जेवढं डिझेल वाचवलं, त्याच्यापेक्षा जास्त डिझेल ते तेल वाटेतच पिऊन आलं होतं.

मी त्याच्या हातापाया पडले. म्हटलं, मामा, उद्याचा दिवस जाऊ दे, निकाल लागू दे, मग सांगू. हे खोटं थोडंच आहे, इंजिन तर खरंच चाललं की. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मी समजले, ऐकलं त्यानं.

दुसऱ्या दिवशी लाँच पाण्याच्या मध्यावर आली तेव्हा त्यानं किसनला इंजिन मंद करायला लावलं. सगळ्यांना वाटलं, आता माहिती सांगणार. तो उभा राहिला, टोपी काढली. "पाव्हनं, हे तेल चांगलं जळतं, धूर कमी हाय, हे तुमी डोळ्यानं बघितलं. पन इथं येईस्तोवर ह्यानं वाचवलं त्यापेक्षा जास्ती डिझेल खाल्लंय. आज तरी हे डिझेलपेक्षा बरं न्हाई." प्राचार्य हसून म्हणाले, मग आम्हाला बोलावलंत कशाला? मामा म्हणाला, "पुढच्या बारीला बरं झालं आन् मी तसं सांगितलं, तर तुमचा इस्वास बसावा म्हनून."

मी संध्याकाळच्या एसटीनं कोपरगावला निघून आले. प्रबंध त्या सत्रात देता आला नाही. कॉलेजानं जागा दुसऱ्याला दिली. वडील चाळीतून खाली मान घालून चालायचे, ते मला बघवत नव्हतं. आईला मी सांगितलं, तुझ्या भावाचं नाव या घरात काढायचं नाही. दोन महिने काढलंही नाही कोणी.

मग एका दुपारी मामा दारात उभा. अकोल्याहून गाड्या बदलत आलेला, खांद्यावर पोतं. पाणी प्यायला आणि पोतं अंगणात ओतलं. करंजाचं बी. काठावरच्या बायांनी झाडाखाली वेचलेलं, ओट्यांवर उन्हात वाळवलेलं. पलीकडून रिकाम्या येणाऱ्या लाँचमधूनच अलीकडे आणलेलं, म्हणजे वेगळी फेरी नाही. गावातला जुना बैलाचा घाणा त्यानं स्वतः दुरुस्त केला होता. "बीएस्सी, तुझ्याबिगर मला मोजता येत न्हाई," तो म्हणाला. "आता झाडाखालून मोज." माफी त्यानं मागितली नाही. मीही मागितली नाही. आईनं दोघांना एकाच ताटात पिठलं-भाकरी वाढली, आणि तिथंच ते मिटलं.

मी मोजलं. बैलाचा चारासुद्धा धरला. या वेळी तेल खरंच बरं ठरलं, पण एका अटीवर. काठावरचं बी वर्षाकाठी चारच महिने पुरत होतं. जास्त हवं असेल तर लांबून आणावं लागणार, आणि लांबून आणलं की पत्रिका पुन्हा बिघडणार. मग मामानं मला एका मोठ्या जहाजाच्या एका सफरीसाठी किती करंज लागतील तेही काढायला लावलं. उत्तर बघून तो म्हणाला, "ह्ये जहाज तर आपली समदी भातखाचरं गिळंल." तो उदास झाला असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. त्यानं जहाजावरच्या एका जुन्या इंजिनियरला माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. कुणी झाडाचं तेल घेऊन आलं तर त्याला हे विचारा, म्हणून प्रश्न. बी कुठलं, त्या जमिनीत आधी काय पिकत होतं, पाणी कुणाचं, खत कशाचं, वाटेत काय जाळलं. सातवी पास माणसानं सांगितलेले ते प्रश्न मी आज एम.एस्सी.च्या मुलांना शिकवते. दोन्ही हिशोब, फसलेला आणि जमलेला, शेजारीशेजारी मांडून मी सहा महिने उशिरा प्रबंध दिला. परीक्षकांनी निम्मा वेळ फसलेल्यावरच प्रश्न विचारले. त्यावर मी पास झाले आणि त्यावरच मला आत्ताची नोकरी मिळाली. वडिलांनी चाळीत पेढे वाटले, त्यातला पहिला मामाला.

पुण्यानुमोदनाला गेले तेव्हा समितीनं लाँचला मामाचं नाव द्यायचं ठरवलं होतं. अकोल्याचा पेंटर मजकूर घेऊन आला होता. 'दामूमामा. झाडाच्या तेलावर चालणारी प्रदूषणमुक्त लाँच.' मी वाचलं आणि जीभ आवरून धरली. सगळे हळवे झाले होते, मामी शेजारी बसली होती. समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, चांगल्या माणसाचं नाव आहे ताई, दोन शब्द वाढवून लिहिले तर कुठं बिघडतं? मी तोंड उघडायच्या आत किसन बोलला. "चार महिने चालती ती. बाकीचे आठ महिने मीच डिझेल ओततो. मामाच्या नावाखाली हे मी न्हाई चालवनार." मामी म्हणाली, किसन म्हनतो तसंच लिवा.

मग पेंटरनं पिवळ्या ऑइलपेंटनं लिहायला घेतलं, 'वर्षातले चार महिने करंजाच्या तेलावर.' तो 'चार'वर आला तेव्हा किसननं त्याचा हात धरला. तेवढा शब्द मोकळा ठेवायला सांगितला. पलीकडच्या काठाला बायांनी तीन वर्षांमागं लावलेली रोपं आता डोक्याइतकी उंच झाली आहेत, यंदा नाही तर पुढं कधीतरी शेंगा धरतील. त्यानं माझ्याकडे खडू दिला. "तुमी लिवा ताई. वाढलं की तुमीच बदला. मोजून."

मी काठावर वाकून खडूनं 'चार' लिहिलं. लाँच पलीकडे जाऊन परत आली तोवर पाण्याच्या शिंतोड्यांनी ते अर्धं पुसलं होतं. मी पुन्हा लिहिलं.