आहेरातली कादंबरी

आमच्या रामदासपेठेतल्या वाचनालयात एक बाई दर शनिवारी पुस्तकचर्चेला येतात. आल्या आल्या पदर खोचतात आणि पुस्तक कोणतंही असो, त्याचा शेवट सगळ्यांना सांगून टाकतात. "आता निवांत वाचा," म्हणतात. मला याचा भयंकर राग येतो, पण त्या आल्या नाहीत की चर्चेत जीव राहत नाही.

मध्यंतरी भोसल्यांच्या काळात घडणाऱ्या एका कादंबरीवर बोलणं चाललं होतं. त्यात सरदार आपल्या बायकोला माडीवर कोंडतो आणि ती तिथेच म्हातारी होऊन मरते. कुणी वाचून रडलं होतं, कुणाला शेवट गोड हवा होता. आमचे अध्यक्ष म्हणाले, "असं आपल्याकडे कधी घडलंच नाही. लग्न ठरलेल्या मुलींना तर हे पुस्तक देऊच नका."

"तुमच्या आजीले इचारलं होतं का जी?" एवढंच बाई म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यात अध्यक्षांच्या नातीचं लग्न झालं. स्टेजवर भेटायला जाताना बाई माझ्या पुढे होत्या. त्यांनी नवरीच्या हातात तीच कादंबरी ठेवली, कागदात न गुंडाळता. नवरीने पहिलं पान उघडलं. आहेरावर सगळे 'सुखाने नांदा' लिहितात. बाईंनी लिहिलं होतं, 'सुख असन तरच नांदजो.'

नवरी हसली. शेजारी उभ्या अध्यक्षांचा चेहरा उतरला.

"असं कधी घडलंच नाही म्हणता नं?" बाईंनी भरजरी पदर खोचला. "मंग भेता काहून जी?"